शेपटीला गाठ असलेला झ

दस्तऐवज तपासणीच्या कार्यालयात त्यांना सगळे भिंगकाका म्हणत. अठ्ठावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या अक्षरांत डोळे घालण्यात घालवली होती. खोटी मृत्युपत्रं, निनावी धमक्या, एकाच्या नावाने दुसऱ्याने ठोकलेल्या सह्या, सगळं त्यांच्या टेबलावरून जायचं. टेबलाला वर काच होती आणि काचेखाली दिवा. त्यावर कागद पसरला की काकांना चहा गार झाल्याचंही कळत नसे. न्यायालयात साक्षीला उभे राहिले की भलेभले वकील त्यांच्यापुढे चाचपडत. माणूस नाव बदलतो, चेहरा बदलतो, पण घाईत दिलेला उकार त्याला बदलता येत नाही, हे ते इतक्या थंडपणे सांगत की समोरचा आरोपी नकळत आपले हात पाठीमागे घेई.

त्या सोमवारी दुपारी शिपाईमामांनी बारा फायली आणून आदळल्या. सातवी फाईल भरती परीक्षेची होती. औषधांची गुणवत्ता तपासणाऱ्या सरकारी खात्यात एक मुलगी नोकरीला लागली होती. तीन महिन्यांनी खात्याकडे निनावी पत्र आलं की, हिने परीक्षा दिलीच नाही, हिच्या जागी दुसरीच कुणीतरी बसली होती. पोलिसांनी तोतयेगिरीचा आणि फसवणुकीचा गुन्हा नोंदवला. प्रवेशपत्रावरचा फोटो इतका पुसट होता की तो कुठल्याही केस बांधलेल्या मुलीचा म्हणून खपला असता. म्हणून निबंधाची उत्तरपत्रिका आणि त्या मुलीने पोलिसांसमोर लिहून दिलेला नमुना काकांकडे आला होता. प्रश्न एकच होता: दोन्ही लेखनं एकाच हातची आहेत का?

मुलीचं नाव काकांनी वाचलं. ओळखीचं नव्हतं. निबंधाचा विषय होता ‘वक्तशीरपणाचे महत्त्व’. काका मजकूर कधी वाचत नसत, नुसती अक्षरं बघत. पहिल्या पानावरच त्यांना कळलं की हात वेगळा आहे. नमुन्यातली मुलगी शिरोरेषा शब्द संपल्यावर एका दमात ओढत होती, उत्तरपत्रिकेतली अक्षरागणिक देत होती. सरळ, सोपं प्रकरण होतं. संध्याकाळच्या आत अहवाल गेला असता.

तिसऱ्या पानावर ‘माझ्या’ हा शब्द होता. काकांनी भिंग खाली आणलं आणि तसंच धरून ठेवलं.

त्या झ ची शेपटी खाली जाऊन डावीकडे वळत होती आणि टोकाला तिला एक बारीक गाठ होती. पाच वर्षांच्या पोरीला झ काही केल्या येईना, तेव्हा काकांनीच तिला सांगितलं होतं की हा एक कुबडा आजोबा आहे आणि ही त्याची काठी. पोरीने काठीला मूठ काढली. शाळेतल्या बाईंनी ती मूठ तीनदा खोडली, पोरीने तीनदा काढली. मूठ नसेल तर आजोबा पडतील, असं तिचं म्हणणं होतं.

काकांनी ते पान काचेवर आणखी जवळ ओढलं.

‘एका अक्षरावरून माणूस ठरत नाही,’ ते स्वतःला म्हणाले. हे वाक्य त्यांनी साक्षीत शंभरदा उच्चारलं होतं. त्यांनी लाल पेन्सिल घेतली आणि फरक शोधायला बसले. आयुष्यात पहिल्यांदा ते अशा आशेने बसले होते की आपण चुकावं. क्ष काढताना मध्येच उचललेलं पेन. मागे कललेला रफार. दुसरी वेलांटी आधी आणि अक्षर नंतर. सहाच्या आकड्याचं उघडं पोट. एकेक खूण सापडत गेली. चौदा खुणा झाल्यावर त्यांनी पेन्सिल खाली ठेवली, कारण ती काचेवर टकटक वाजायला लागली होती.

त्यांच्या मुलीला घरात खारू म्हणत. लहानपणी ती पेन्सिलींचे तुकडे खारीसारखे जमवून उशीखाली ठेवायची, त्यावरून पडलेलं नाव. आता ती तेवीस वर्षांची होती, औषधशास्त्राची पदवी पहिल्या क्रमांकाने मिळवून परवान्याच्या परीक्षेचा अभ्यास करत घरी होती. आणि सकाळी आठच्या आत जी कधी उठली नव्हती, तिने वक्तशीरपणावर साडेतीन पानं लिहिली होती. एरवी काका यावर पोट धरून हसले असते.

घरी गेल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं केलं. “खारू, उद्या बाजारातून काय काय आणायचं ते जरा कागदावर लिहून दे गं.”

“मोबाइलवर पाठवते ना, बाबा.”

“मला कागदावरच बरं पडतं.”

तिने यादी लिहून दिली. साबण, झाडू, खिळे, बल्ब, असं काहीबाही. अक्षरं डावीकडे झुकलेली, सुटी सुटी, जणू एकमेकांशी भांडलेली. काकांना आठवलं, गेले सातआठ महिने घरातल्या याद्या, फ्रिजवरच्या चिठ्ठ्या अशाच अक्षरात असायच्या. पोरींचं काहीतरी नवीन खूळ, असं त्यांना वाटलं होतं. आता ते कागद उजेडाकडे धरून बघत होते. रेघ सावकाश ओढलेली होती. मध्ये मध्ये थरथर होती. पेन जिथे उचलायला नको तिथे उचललं होतं. मुद्दाम बदललेलं अक्षर कसं ओळखावं हे ते नव्या तपासनीसांना दरवर्षी शिकवत. आणि स्वतःच्या घरात आठ महिने कुणीतरी अक्षर लपवत होतं.

‘झाडू’मधला झ तिने अगदी शाळेच्या पुस्तकातल्यासारखा काढला होता. मूठ नव्हती.

“काय झालं? एवढं काय बघताय?” खारूने विचारलं. तिचा आवाज किंचित वर गेला होता.

“काही नाही. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक.”

जेवताना बापलेक एकमेकांकडे बघत नव्हते. बायको दाताच्या दवाखान्यात मदतनीस होती, तिथल्या एका पेशंटची गंमत ती सांगत होती. तिची गंमत तशीच हवेत राहिली.

मंगळवारी सकाळी काका कार्यालयात शिरले आणि दारातच त्यांचे पाय थबकले. तपासणी कक्षाच्या दारावर आठ वर्षांपासून एक कागदी पाटी होती: ‘पादत्राणे बाहेर काढावीत. माझ्यासाठी नव्हे, यंत्रांसाठी.’ खारूने पंधरा वर्षांची असताना हौसेने लिहून दिलेली. अख्खं कार्यालय त्या अक्षराचं कौतुक करायचं. रोज सकाळी सगळे तपासनीस चपला काढता काढता ती पाटी वाचत. आणि त्यात ‘माझ्यासाठी’ होतं, मूठवाल्या काठीसकट.

प्रत्येक अहवालावर दोन सह्या लागत. पहिली त्यांची, दुसरी त्यांच्या सहकारी बाईंची. बाई म्हणजे तिखट नजर. एका स्वल्पविरामावरून त्यांनी एकदा खोटा करारनामा पकडला होता. बाई बुधवारपर्यंत रजेवर होत्या.

इकडेतिकडे बघून काकांनी पाटी ओढली. चिकटपट्टीसकट ती फर्रकन निघाली. त्यांनी तिची घडी केली आणि आपल्या खणात, जुन्या दिनदर्शिकांच्या तळाशी, सरकवली. अठ्ठावीस वर्षांत त्यांनी कार्यालयातली टाचणीसुद्धा जागची हलवली नव्हती.

“साहेब, पाटी कुठं गेली?” शिपाईमामांनी चहा ठेवता ठेवता विचारलं.

“जुनी झाली होती.”

“परवाच तर मी धूळ झटकली. चांगली होती की.” मामा दाराकडे बघत डोकं खाजवत निघून गेले. काकांना वाटलं, मामा आता सगळ्या मजल्यावर पाटीची चौकशी करत फिरणार. पुढचा तासभर पावलं वाजली की ते मान वर करत होते.

अकरा वाजता तपास अधिकाऱ्याचा फोन आला. “साहेब, त्या भरतीच्या प्रकरणाचं काय?”

“पाहतोय. हात वेगळे आहेत असं प्रथमदर्शनी वाटतं.”

हे बोलून जाईपर्यंत काकांना कळलं नाही की आपण खरं बोललो. न बोलताही चाललं असतं. ‘एकच हात’ असा अहवाल दिला असता तर फाईल तिथेच मिटली असती. पण तोंडाला सवय खऱ्याची होती.

“वाटलंच होतं!” अधिकारी खूश झाला. “जी बसली असेल तिचाही पत्ता लागलाय जवळजवळ. याच मुलीच्या वर्गातली, वसतिगृहात राहायची. परीक्षेच्या दिवशी ती वसतिगृहात नव्हती, कुठे होती ते नीट सांगता येत नाही तिला. उद्या नमुना घ्यायला तुमच्याकडेच घेऊन येतो.”

काकांनी फोन ठेवला. खारूही वसतिगृहातच राहायची. उद्या दारातून आपलीच पोर पोलिसांबरोबर आत येते की काय? त्यांनी घरी फोन लावला. “काही नाही, सहजच. कुणी आलं होतं का घरी? नाही ना? बरं.” दुपारी दोनदा, संध्याकाळी एकदा, असाच सहज फोन झाला. तिसऱ्या वेळी बायको म्हणाली, “तुम्हाला बरं नाही का? आवाज बघा कसा झालाय.”

बुधवारी अधिकारी आला. त्याच्यामागून जी मुलगी आली ती खारू नव्हती. काकांना इतकं हलकं वाटलं की खुर्चीत बसावं लागलं. मुलगी किरकोळ, जाड भिंगाचा चष्मा, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलेलं. बाहेर बाकावर तिचे वडील बसले होते. कुठेतरी गाड्या धुण्याचं काम करत असावेत, पायजमा घोट्यापर्यंत ओला होता.

अधिकारी फोनवर बोलायला बाहेर गेला. मुलीने हळूच वर बघितलं आणि तिचा चेहरा उजळला.

“काका, तुम्ही खारूचे बाबा ना? वसतिगृहात आला होतात तुम्ही, तिचं सामान घेऊन. मी गोगल. म्हणजे गोगलगाय. मी सावकाश लिहायचे ना, म्हणून सगळ्या तसंच म्हणायच्या.”

काकांनी समोरचे कागद उगाच सरळ केले.

“तुम्ही आहात म्हणजे बरं झालं,” ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. “मी नव्हते हो बसले परीक्षेला. त्या दिवशी मी आत्याकडे जायला निघाले, चुकीच्या बसमध्ये चढले आणि अर्ध्या वाटेतून परत आले. आता हे कोण खरं मानणार? पण तुम्ही नीट बघाल.”

अधिकारी परत आला. काकांनी छापील परिच्छेद घेतला आणि मुलीला मजकूर सांगायला सुरुवात केली. पहिली ओळ लिहून झाली आणि काका कागदावर वाकले. अक्षर खारूसारखं होतं. तेच नव्हतं, पण त्याच घडणीचं होतं. मागे कललेला रफार. सहाचं उघडं पोट. झ च्या शेपटीला एक अडखळती गाठ.

“हे अक्षर कुणाकडून उचललंस?” त्यांनी शक्य तितक्या कोरड्या आवाजात विचारलं.

“मला वर्गात सगळं उतरवून व्हायचं नाही. दोन वर्षं मी मैत्रिणीच्या वह्या उतरवून काढायचे. तिचं अक्षर फार सुरेख होतं. लिहिता लिहिता तसंच झालं माझं.”

तिने मैत्रिणीचं नाव घेतलं नाही. काकांकडे बघून ती फक्त जराशी हसली.

ती बाहेर गेल्यावर अधिकारी टेबलावर वाकला. त्याला त्यातलं काही कळत नव्हतं, पण डोळे होते. “जुळतंय ना, साहेब? हा झ बघा. अहो, डिट्टो!”

“वरवर जुळतं. वळणात फरक आहे.”

“पूर्ण खात्री नको आम्हाला. ‘शक्यता नाकारता येत नाही’ एवढं लिहिलंत तरी पुरे. बाकी आम्ही तिच्याकडून काढून घेऊ.”

तो गेला. काका एकटे राहिले. चार शब्द. एरवी कितीतरी अहवालांत त्यांनी ते चार शब्द प्रामाणिकपणे लिहिले होते. ते खोटंही ठरलं नसतं. बाईंनाही त्यात वावगं दिसलं नसतं, कारण खुणा खरोखरच जुळत होत्या. खारूचं नाव कुणी घेतलं नसतं. त्यांनी संगणकावर वाक्य लिहिलं. लिहून ते बघत बसले. बाहेर व्हरांड्यात त्या मुलीचा बाप शिपाईमामांना विचारत होता, “साहेब चांगले आहेत ना?” आणि मामा सांगत होते, “देवमाणूस. यांच्या हातून कधी चूक होत नाही.”

काकांना पोलिसांची भीती वाटत होती, नोकरीची वाटत होती. पण त्या घटकेला सगळ्यात जास्त भीती वाटली ती स्वतःच्या हाताची. तो माऊसवर निवांत पडला होता. अजिबात कापत नव्हता.

त्यांनी वाक्य खोडलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि घरी गेले.

खारू एकटीच होती. त्यांना अवेळी दारात बघून ती पांढरीफटक पडली. काकांनी चपला काढल्या, पाणी प्यायले आणि समोर बसले.

“वक्तशीरपणाचं महत्त्व,” ते म्हणाले.

खारूने दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, लहानपणी नखं खाताना पकडली गेली की दाबायची तसे.

“तुमच्याकडे आलं?” तिने विचारलं.

“माझ्याकडेच.”

मग ते सगळं बाहेर आलं, तुटक तुटक. ज्या मुलीला नोकरी लागली तिला वर्गात सगळ्या रेडिओ म्हणत, कारण तिचं तोंड कधी बंद नसे. घरी खारू याच नावाने तिच्याबद्दल बोलायची, म्हणून काकांना खरं नाव माहीत नव्हतं. शेवटच्या वर्षी प्रत्येकीला प्रकल्प होता: औषधाचं द्रावण साठ दिवस उष्णतेत ठेवायचं आणि रोजची मोजणी लिहायची. मधले बारा दिवस खारू तापाने अंथरुणात होती. मोजणी राहिली. तिने रेडिओच्या वहीतले आकडे घेतले, दशांश चिन्हानंतरचे इकडेतिकडे केले आणि आपले म्हणून दिले. त्या प्रकल्पावर तिचा पहिला क्रमांक आला.

“रेडिओ भरतीत दोनदा नापास झाली होती,” खारू म्हणाली. “मला म्हणाली, तू बस माझ्या जागी. मी नाही म्हटलं. तर हसत हसत म्हणाली, तू माझे आकडे घेतलेस तेव्हा मी कुणाला काही बोलले का? बास, एवढंच. नंतर पुन्हा तिने तो विषयही काढला नाही. पण मला झोपच येईना, बाबा. वाटायचं, ही आज सांगेल, उद्या सांगेल. पदवी जाईल. तुमचं नाव जाईल. एक दिवस जायचं, तीन तास लिहायचं, की संपलं, असं वाटलं.”

“संपलं?”

“नाही.” ती रडायला लागली. “तेव्हापासून बेल वाजली की मला वाटतं, आले.”

दारात बायको उभी होती. ती कधी आली होती कुणास ठाऊक. तिच्या हातातली पिशवी हळूच खाली टेकली. तिला सांगायला फार शब्द लागले नाहीत, निम्मं तिने ऐकलं होतं आणि उरलेलं पोरीच्या चेहऱ्यावर होतं.

“तुमच्याकडेच आहे ना फाईल?” ती म्हणाली. “मग झालं तर. तुम्ही एक ओळ लिहा. एवढी वर्षं लोकांसाठी लिहिलंत, एक ओळ आपल्या पोरीसाठी लिहा.”

“त्या ओळीत दुसऱ्याची पोर अडकते आहे.”

“तिलाही आईबाप आहेत. ते बघतील काय ते.” बोलून झाल्यावर तिने स्वतःच्याच तोंडावर हात दाबला. पण शब्द मागे घेतले नाहीत.

“कुठली दुसरी पोर?” खारूने विचारलं.

काकांनी सांगितलं. जाड चष्मा, चुकीची बस, बाकावरचा बाप. ‘तुम्ही नीट बघाल’ हेसुद्धा सांगितलं. खारू ऐकत गेली तसं तिचं रडणं थांबलं.

“गोगल?” ती म्हणाली. “बाबा, ती तर... तिचं अक्षर माझंच आहे. मीच दिल्या होत्या तिला वह्या.”

“हो.”

“मला तुरुंगात टाकतील?”

“माहीत नाही. टाकूही शकतात. गुन्हा आहे तो, खारू. नुसती कॉपी नाही.”

“तुम्हाला भीती वाटत नाही?”

“सोमवारपासून माझ्या घशाखाली घास उतरलेला नाही,” काका म्हणाले.

ती उठली, मोरीत जाऊन तिने तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन म्हणाली, “मी जाते उद्या. पण आई, तू चल बरोबर. मला एकटीला पायरी चढता यायची नाही.”

आई स्वयंपाकघरात गेली आणि भांडी घासायला लागली. घासून ठेवलेलीच भांडी ती पुन्हा घासत होती.

गुरुवारी सकाळी काका कार्यालयात पोहोचले तेव्हा बाई आधीच आल्या होत्या. काकांनी फाईल त्यांच्यापुढे ठेवली. “हे प्रकरण मी तपासू शकत नाही. वादग्रस्त लेखन माझ्या मुलीचं आहे.”

बाईंनी चष्मा काढला. “कधीपासून माहीत आहे?”

“सोमवार दुपारपासून.”

“आणि दारावरची पाटी?”

काकांनी खण उघडला. दिनदर्शिकांच्या तळातून ती घडी काढून टेबलावर ठेवली. बाईंनी ती हाताने न उचलता चिमट्याने उचलली, पुरावा उचलतात तशी, आणि स्वच्छ पाकिटात सरकवली. त्या एका हालचालीने काकांना जेवढं लागलं तेवढं पुढच्या सगळ्या चौकशीत लागलं नाही.

“लिहून द्या,” बाई म्हणाल्या. “सोमवारचं, पाटीचं, सगळं. तारीख वार घालून. काही वगळू नका, मी शोधून काढीन.” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, “पाणी प्या आधी. हात बघा तुमचे.”

त्याच वेळी खारू आईबरोबर पोलीस ठाण्यात बसली होती. आई शेवटी गेली होती. तपास अधिकाऱ्याला आधी वाटलं की ही कुणाला तरी वाचवायला आली आहे. त्याने तिला ओरडून घरी जायला सांगितलं. मग खारूने समोरच्या कागदावर निबंधाचा पहिला परिच्छेद जसाच्या तसा, आपल्या खऱ्या अक्षरात लिहून दाखवला, तेव्हा तो गप्प झाला आणि त्याने दार लावून घेतलं. संध्याकाळपर्यंत तिला तिथे बसवलं होतं. आईला बाहेर काढलं. बंद दाराआडून काही ऐकू येत नव्हतं, आणि आई नंतर म्हणाली की ओरडण्याचा आवाज आला असता तरी बरं वाटलं असतं.

पुढचं वर्ष कसं गेलं ते घरातल्या तिघांनाही नीट सांगता येणार नाही. टपालवाला दिसला तरी तिघं एकमेकांकडे बघायचे. रेडिओची नोकरी त्याच आठवड्यात गेली. तिने आधी सगळं नाकारलं आणि मग सगळं खारूवर ढकललं. बाईंनी गोगलचा नमुना पुन्हा तपासला आणि तिचा उत्तरपत्रिकेशी संबंध नाही असं स्वच्छ लिहिलं. विद्यापीठाच्या चौकशीत खारूला फक्त परीक्षेबद्दल विचारलं होतं, पण तिने बारा दिवसांच्या आकड्यांचंही सांगून टाकलं. पदवी काढून घेतली गेली, पाच वर्षं कुठल्याही परीक्षेला बसायची बंदी आली. काकांना तीन दिवस माहिती दडवल्याबद्दल आणि पाटी काढल्याबद्दल ताकीद मिळाली आणि त्यांची बदली जुन्या फायलींच्या खोलीत झाली. त्यांनी हूं की चूं केलं नाही.

बायको मात्र त्यांच्याशी बोलायची बंद झाली. जेवायला वाढायची, कपडे काढून ठेवायची, पण थेट काही सांगायचं असलं तर खारूमार्फत सांगायची. “बाबांना सांग, गॅस संपलाय.” बाबा समोरच बसलेले असायचे.

निकालाच्या दिवशी तिघं न्यायालयात गेले. न्यायाधीशांनी दोघींनाही दोषी ठरवलं. त्या शब्दावर खारूने पुढचा कठडा घट्ट धरला. पुढची वाक्यं काकांच्या कानांवरून नुसती वाहत गेली. शिक्षा, कलम, वय, पहिलाच गुन्हा, स्वतःहून पुढे येणं. अखेर वकिलाने मागे वळून मान हलवली. रेडिओला तीन महिन्यांची कैद झाली होती. खारूला दोन वर्षांच्या चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलं होतं. या दोन वर्षांत जरा कुठे पाय घसरला तर आत जावं लागणार होतं.

रेडिओची आई मागच्या बाकावर होती. ती ओरडली नाही, काही नाही. तिने फक्त एकदा काकांकडे पाहिलं. काकांना नजर वर उचलता आली नाही.

बाहेर आल्यावर पायऱ्यांवर तिघं उभे राहिले. कुठे जायचं ते कुणालाच सुचत नव्हतं. समोरच्या रस्त्यावर पोलिसांची गाडी येऊन थांबली आणि तिघंही एकदम मागे सरकले. गाडीतून एक हवालदार उतरला, टपरीवर गेला आणि काडेपेटी घेऊन परत आला. गाडी निघून गेली.

“अजून दोन वर्षं असंच होणार का?” खारूने विचारलं.

काकांना खोटं बोलायचं नव्हतं.

बायकोने खारूचा हात आपल्या हातात घेतला. मग वर्षभरात पहिल्यांदा ती नवऱ्याकडे वळली. चेहऱ्यावरचा राग गेलेला नव्हता, पण आवाज त्यांच्यासाठीच होता.

“रिक्षा बघा आता,” ती म्हणाली. “पोरीला उभं राहवत नाहीये.”